झिजलेला शॉकअप कसा वाचायचा

मोटारसायकलचा इतिहास लिहायचा म्हटलं की आपण कंपनीपासून सुरुवात करतो. १९५६ मध्ये मद्रासजवळ तिरुवोत्तियूरला बुलेटचा कारखाना सुरू झाला. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला म्हैसूरला आयडियल जावा उभी राहिली. १९६२ पासून एस्कॉर्ट्सने पोलंडच्या एसएचएल एम-११ या गाडीवरून राजदूत बनवली. तारखा मिळतात, करार मिळतात, जुन्या मासिकांत जाहिराती मिळतात. प्रकरणाचा पहिला मसुदा महिन्याभरात हातात येतो. मग गाइड विचारतात, "बरं, पण ही गाडी भोकरदन तालुक्यात पोचल्यावर तिचं काय झालं?" आणि तिथे आपला मसुदा बंद पडतो.

या लेखात त्या प्रश्नाकडे मी एकाच सुट्या भागातून जाणार आहे. तो म्हणजे पुढचा फोर्क, ज्याला कुठल्याही गॅरेजात 'शॉकअप' म्हणतात. उदाहरणाला गाव घेऊ हसनाबाद. जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातलं हे गाव, राजूरच्या गणपतीच्या पंचक्रोशीतलं. तालुक्याचं ठिकाण नाही, पण अगदी वाडीही नाही. पंक्चर गावात निघतं, मोठ्या कामाला जालना किंवा औरंगाबाद गाठावं लागतं. दुरुस्तीचा इतिहास शोधायला अशी मधली गावं फार चांगली. शहरात सगळंच मिळतं, त्यामुळे कुणाला काही जुगाड करावंच लागत नाही.

वस्तूच्या वापराकडे पाहा, हे सांगणारा मी पहिला नाही. डेव्हिड एजर्टन यांचं 'द शॉक ऑफ द ओल्ड' २००६ मध्ये आलं. इतिहासकार शोध कुणी आणि कधी लावला यातच अडकतात, वस्तू पुढे कशी वापरली, कुणी टिकवली हे सुटतं, असं त्यांचं म्हणणं. डेव्हिड आर्नल्ड यांनी 'एव्हरीडे टेक्नॉलॉजी' (२०१३) मध्ये सायकल, शिलाई मशीन, टाइपरायटर आणि भाताच्या गिरण्या घेऊन भारतापुरतं ते करून दाखवलं. खेड्यातली मोटारसायकल त्यांच्या काळाच्या थोडी पुढची आहे. म्हणजे आपल्याला जागा आहे.

माझं म्हणणं एवढंच. जुन्या गाडीचा फोर्क दुरुस्तीसाठी उघडतो तेव्हाच त्यातला पुरावा दिसतो, आणि दुरुस्ती नीट झाली तर तोच पुरावा त्याच दिवशी नाहीसा होतो. संशोधकाला मिळतात ते मधले दोन-तीन तास. त्या वेळात काय पाहायचं, आणि जे दिसलं त्यावरून किती बोलायचं, हे आधी ठरलेलं असलं तरच त्याचा उपयोग.

आधी कागद

फोर्कला हात लावायच्या आधी कागद बघून घ्या, नाहीतर जे दिसेल त्याला काळ देता येणार नाही. इथे हसनाबादसारख्या गावाची एक गंमत आहे. जालना जिल्हा झाला १ मे १९८१ ला. त्याआधी हा भाग औरंगाबाद जिल्ह्यात होता. १९७४ ची राजदूत शोधायला तुम्ही जालन्याच्या आरटीओत गेलात तर दिवस वाया जाईल. तिची मूळ नोंद औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची. आपल्याला सवयीचे एमएच-२० आणि एमएच-२१ हे क्रमांक नव्या मोटार वाहन कायद्यानंतरचे, तो लागू झाला १९८९ मध्ये. त्याआधीच्या पाट्यांवर 'एम'ने सुरू होणारी तीन अक्षरं असत. आणखी मागे गेलात तर १९४८ पर्यंत निजामाचं राज्य, १९५६ पर्यंत हैदराबाद राज्य, मग द्विभाषिक मुंबई, मग १९६० चा महाराष्ट्र. एका गावाचे कागद चार राजवटींच्या कपाटांत.

गाडीच्या आरसी बुकात मालक बदलल्याच्या नोंदी असतात. त्यावरून गाडी शहरातून गावात कधी आली हे बऱ्याचदा कळतं, कारण खेड्यात येणारी गाडी अनेकदा दुसऱ्या-तिसऱ्या हाताची असायची. जिल्ह्यात एकूण किती दुचाकी होत्या हे हवं असेल तर अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचं 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन' बघा. ते दर जिल्ह्याचं निघतं आणि विद्यार्थी त्याकडे फार कमी वळतात. कंपनीची सुट्या भागांची यादी मिळाली तर सोन्याहून पिवळं, कारण मूळ भाग कसा दिसायचा ते त्यातल्या आकृत्यांत असतं.

या सगळ्या कागदांत एक गोष्ट मात्र कुठेच नसते. गाडी दुरुस्त कुणी केली, किती वेळा केली, आणि कशाने केली.

शॉकअपच्या आत

सायकलचा चिमटा तुम्ही पाहिलाय. तो ताठ असतो, खड्डा आला की हिसका थेट मनगटात. मोटारसायकलच्या वेगाला आणि वजनाला ते चालत नाही. म्हणून दोन पोलादी पाइप वर 'टी'मध्ये आवळतात. त्यांच्यावर खालून दोन नळकांडी चढतात, त्यांना मिस्त्री 'बॉटम' म्हणतात. चाकाचा ॲक्सल या बॉटमच्या टोकांना असतो. आत स्प्रिंग आणि तेल. चाक खड्ड्यावरून वर आलं की बॉटम पाइपवर सरकतो, स्प्रिंग दबते आणि तेल बारीक भोकांतून ढकललं जातं. स्प्रिंग परत उसळू पाहते तेव्हा तेच तेल तिला आवरतं. तेल नसलेला शॉकअप म्हणजे नुसती उडी. तेलाने उसळी आवरणारा असा टेलिस्कोपिक फोर्क बीएमडब्ल्यूने १९३५ मध्ये विक्रीच्या गाडीवर आणला, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तो बहुतेक सगळ्यांनी उचलला. आपल्याकडच्या बुलेटला आणि जावा-येझदीला हाच फोर्क.

आता घासतं कुठे ते बघा. पाइप आणि बॉटम यांच्यामध्ये बुश असतात, आणि तेल बाहेर येऊ नये म्हणून बॉटमच्या तोंडाशी रबराचं ऑइल सील. फोर्कची जवळजवळ सगळी झीज पाइप, बुश आणि सील यांच्यात होते. आणि ती सगळीकडे सारखी होत नाही. आपल्या कामाचा मुद्दा हाच.

ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे येतं आणि चाक मागे राहू पाहतं. पाइपवर मागे वाकवणारा ताण येतो. खड्ड्याच्या कडेवर आदळताना तसंच होतं. त्यामुळे बुश पाइपला पुढून आणि मागून दाबतो, डाव्या-उजव्या बाजूने फारसा नाही. वर्षानुवर्षं असं झालं की गोल पाइप किंचित अंडाकृती होतो. डोळ्याला काही दिसत नाही. पण मायक्रोमीटरने एकाच उंचीवर दोनदा मोजा, एकदा पुढून-मागून, एकदा डावी-उजवीकडून. दोन आकड्यांत फरक आला तर तुम्ही झीज पकडली. खालच्या टोकापासून दर पाच सेंटीमीटरवर हे करत वर या आणि वहीत दोन रकाने भरा. साधा व्हर्नियर ०.०२ मिलिमीटरपर्यंत दाखवतो, मायक्रोमीटर ०.०१ पर्यंत. शक्य असेल तर मायक्रोमीटर न्या, कॉलेजच्या वर्कशॉपमधून दोन दिवसांसाठी उसना मिळतो.

यात एक सापळा आहे. जिथे पाइप टीमध्ये नुसता आवळलेला असतो तिथे हुशार मिस्त्री झिजलेला पाइप पाव फेरा फिरवून परत बसवतो. झिजलेली बाजू आडवी जाते, चांगली बाजू पुढे येते, आणि गाडी आणखी काही वर्षं चालते. तुम्हाला मग झीज चारही बाजूंना दिसेल, किंवा जिथे नको तिथे दिसेल. आकडे गोंधळाचे आले म्हणून वही फेकू नका. तो गोंधळ म्हणजेच कुणीतरी फोर्क आधी उघडल्याची खूण. बुलेटच्या जुन्या फोर्कमध्ये पाइप वर हेडलाइटच्या घरात आटे घेऊन बसतो, तिथे हा फिरवाफिरवीचा मार्ग इतका सोपा नाही. म्हणून गाडी कोणती हे आधी लिहा, आकडे नंतर.

पुढे पृष्ठभाग बघा. उभ्या सरळ रेघा दिसल्या तर सीलच्या ओठात धूळ किंवा रेतीचा कण अडकून पाइपवर ओरखडत राहिला आहे. काळ्या मातीच्या भागात पावसाळ्यात चिखल मडगार्डमध्ये भरतो, वाळतो, आणि उन्हाळ्यात त्याचीच पूड होऊन सीलवर बसते. आडवी, गोल, कड्यासारखी गंजाची रेष दिसली तर गोष्ट वेगळी. पाइपवर सीलच्या जागी ओल धरून राहिली, म्हणजे गाडी बराच काळ हलली नाही. चालत्या गाडीत पाइप सतत तेलाने पुसला जातो, तिथे एकाच उंचीवर असं कडं होत नाही. एका पाइपवर दोन उंचींना दोन कडी सापडली तर घरच्यांना विचारा, गाडी दोनदा बंद होती का? उत्तर बऱ्याचदा मिळतं. कुणी वारलं, कुणी मुंबईला गेलं, एखादं वर्ष पेट्रोलला पैसे नव्हते. घरचा असा इतिहास 'तुमच्या घराची आर्थिक स्थिती कशी होती' असं विचारून निघत नाही, पाइपवर बोट ठेवून विचारलं की निघतो.

पाइप वाकलाय का हे बघायला वर्कशॉपमध्ये व्ही-ब्लॉक आणि डायल गेज वापरतात. गावात जाड काचेवर पाइप लोटून बघतात. खाली फट उघड-मिट झाली की वाकलाय. दोन्ही पाइप टीच्या लगेच खाली सारखेच मागे वाकले असतील तर समोरून मार बसलेला. एकच वाकला असेल किंवा दोघांत पीळ असेल तर गाडी आडवी पडलेली. टीच्या खालीच घरीवर दाबून सरळ केल्याच्या खुणाही मिळतात. तो भाग किंचित चपटा वाटतो.

वॉशर सापडले तर

आता स्प्रिंग. जुन्या फोर्कच्या वरच्या टोपणाखाली, स्प्रिंगच्या माथ्यावर, कधीकधी जास्तीचे वॉशर किंवा पाइपचा कापलेला तुकडा निघतो. कंपनीच्या यादीत तो नसतो. स्प्रिंग बसली, म्हणजे कायमची आखूड झाली, की तिला वरून दाब देऊन ताठ करायचा हा उपाय.

इथे संशोधकाची परीक्षा आहे. माझ्या ओळखीच्या जवळजवळ प्रत्येकाने, वॉशर दाखवल्यावर, पहिलं उत्तर तेच दिलं: "दूधवाल्याची गाडी असणार. कॅनचं वजन." छान गोष्ट आहे, आणि राजदूत म्हटलं की दूधवाला डोळ्यासमोर येतोच. पण जरा थांबून विचार करा. कॅन लटकतात कुठे? मागच्या सीटच्या दोन्ही बाजूंना, मागच्या चाकावर. मागे वजन वाढलं की पुढचं चाक उलट हलकं होतं. मग पुढच्या स्प्रिंगला आधार कशाला लागला?

कॅनचं वजन दाखवायचं असेल तर मागचे शॉकअप तपासा. तिथेही स्प्रिंग बसलेली असेल, मागच्या फ्रेमला वेल्डिंगचे जोड असतील, कॅनच्या कडीने रंग घासला असेल, तर दूधवाला म्हणा. फक्त पुढे वॉशर आणि मागे सगळं ठीक, तर कारण रस्त्यात शोधा. पुढची स्प्रिंग वारंवार पूर्ण दबून तळाला आदळत होती. हा फरक बारीक वाटेल, पण त्याने तुमच्या प्रकरणाचा विषय बदलतो. एका वाचनात दूध-व्यवसायाचा इतिहास येतो, दुसऱ्यात रस्त्यांचा.

आणि मराठवाड्यातल्या रस्त्यांचा इतिहास म्हटलं की ७२ चा दुष्काळ आलाच. दुष्काळी कामांवर हजारो माणसं खडी फोडायला बसली, पाझर तलाव झाले, आणि गावोगावचे रस्ते झाले. पुढे रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि त्याखालीही रस्ते होत राहिले. यातले कितीतरी रस्ते खडी-मुरुमाचेच राहिले, डांबर फार उशिरा आलं, काहींवर प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेनंतर, म्हणजे २००० नंतर. मोटारसायकल गावात पोचायला त्या रस्त्यांनी वाट करून दिली, आणि त्याच खडीने तिचे शॉकअप खाल्ले. आजी सुकडी खाऊन ज्या रस्त्यावर खडी फोडत होती त्याच रस्त्यावर नातवाच्या गाडीचं सील गेलं, असं एका घरात घडू शकतं. तुम्हाला ते दाखवायचं असेल तर कोणता रस्ता, कोणत्या साली, हे बांधकाम विभागाच्या आणि जिल्हा परिषदेच्या नोंदीतून जुळवावं लागेल. नुसता पाइप ते सिद्ध करणार नाही. पाइप एवढंच सांगतो की आदळआपट पुढच्या चाकावर झाली आणि पुष्कळ झाली.

राजदूतची गोष्ट वेगळी

आतापर्यंत मी पाइप-पाइप करतोय, पण जुन्या राजदूतला असा पाइप नसायचाच. एसएचएलवरून आलेला तिचा पुढचा फोर्क अर्ल्स पद्धतीचा. चाकाच्या मागून जाणारा एक आडवा दांडा, तो एका पिनवर वर-खाली झुलतो, आणि दोन्ही बाजूंना दोन छोटे शॉकअप, मागच्या चाकाला असतात तसे. इंग्लंडच्या अर्नी अर्ल्स यांची ही रचना. बीएमडब्ल्यूने टेलिस्कोपिक सोडून १९५५ ते १९६९ पर्यंत हीच वापरली. ब्रेक मारला की बाकी गाड्या नाक खाली करतात, अर्ल्स फोर्कची गाडी उलट किंचित वर उचलते. नवीन चालवणाऱ्याला विचित्र वाटतं. राजदूतने पुढे टेलिस्कोपिक फोर्कचं मॉडेलही काढलं, तेव्हा 'राजदूत' एवढंच लिहून चालत नाही, फोर्क कोणता ते लिहा.

अर्ल्स फोर्कमध्ये झीज मुख्यतः त्या झुलत्या दांड्याच्या पिनवर आणि बुशात होते. पुढचं चाक हाताने डावी-उजवीकडे हलवलं की 'खट्' असा आवाज येतो, म्हणजे बुश गेला. आणि इथे दोन गाड्यांच्या दुरुस्तीच्या वाटा फुटतात.

बुश बनवायला एक लेथ, एक टर्नर आणि गनमेटलचा तुकडा पुरतो. पिन मोजायची, तिच्या मापाने आत भोक, घराच्या मापाने बाहेरून व्यास, ग्रीससाठी एक चर. तासाभराचं काम. पाण्याच्या मोटारी आणि डिझेल इंजिनं दुरुस्त करणारा लेथवाला हे करू शकतो, आणि असा लेथवाला मराठवाड्याच्या बाजारगावात विहिरींवर इंजिनं आली तेव्हापासून आहे. झिजलेला टेलिस्कोपिक पाइप मात्र लेथवर नीट होत नाही. त्यावरचा जुना क्रोम काढायचा, पाइप ग्राइंडिंग करून गोल करायचा, क्रोमिक आम्लाच्या टाकीत हार्ड क्रोमचा जाड थर चढवायचा, आणि परत ग्राइंडिंग करून मापात आणायचा. टाकी लागते, वीज लागते, ग्राइंडर लागतो. हे काम औद्योगिक वसाहतीचं, गावाचं नाही.

यावरून एक मोहक सिद्धान्त तयार होतो: राजदूत खेड्यात टिकली कारण तिचा फोर्क गावाच्या लेथवर दुरुस्त व्हायचा. मला तो आवडतो, म्हणूनच त्याच्यापासून सावध राहा असं सांगतो. राजदूत टिकण्याला इतर कारणं होतीच. साधं टू-स्ट्रोक इंजिन, बुलेटपेक्षा कमी किंमत, रॉकेल मिसळूनही रेटत नेण्याची लोकांची सवय, धर्मेंद्रची जाहिरात. फोर्क त्यातलं एक कारण असू शकतं, आणि ते तपासायची रीत आहे. उघडलेल्या दहा-बारा राजदूतांचे बुश बघा. कारखान्याचा भाग आणि लेथवरचा भाग वेगळा ओळखू येतो. लेथवरच्या बुशावर हत्याराच्या फिरत्या रेघा जाड असतात, धातूचा रंग वेगळा असतो, ग्रीसचा चर हाताने पाडलेला वाकडा असतो. बहुतेक बुश लेथवरचे निघाले तर सिद्धान्ताला पाय फुटले. कंपनीचेच निघाले तर सुटे भाग गावापर्यंत येत होते असं म्हणावं लागेल, आणि मग तो पुरवठा कोण करत होतं हा नवा प्रश्न. दोन्हीपैकी काहीही निघालं तरी तुमचा प्रबंध पुढे सरकतो.

१९८५

या गोष्टीत एक साल असं आहे की तिथे आपला जिल्हा अचानक मध्यभागी येतो. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना सुरू झाला. त्याच वर्षी औरंगाबादेत अनुरंग जैन यांनी ॲल्युमिनियम ओतकामाचा छोटा उद्योग काढला. त्याचीच पुढे एन्ड्युरन्स झाली, आणि आज देशातल्या दुचाकींचे पुढचे फोर्क बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांत ती आहे. त्याच वर्षी हिरो होंडाची सीडी १०० बाजारात आली आणि शंभर सीसीच्या जपानी बांधणीच्या गाड्यांचं युग सुरू झालं. म्हणजे ज्या पाइपसाठी हसनाबादच्या माणसाला शहर गाठावं लागायचं, तसे पाइप कालांतराने शेजारच्या जिल्ह्यात लाखांनी बनू लागले.

दुरुस्तीवर याचा परिणाम काय झाला असेल? नव्या गाड्यांचा पाइप गेला की नवा पाइप, सील फाटलं की नवं सील, ऑटोमोबाइलच्या दुकानात टांगलेलं. टर्नरकडे जायची गरज कमी झाली. ७० च्या दशकात शिकलेल्या मिस्त्रीच्या हाताला बुश बसवायचं, रीमर फिरवायचं, पाइप काचेवर लोटायचं वळण आहे. ९० नंतर शिकलेल्याला पार्ट नंबर पाठ असतात. मी हे तक्रार म्हणून म्हणत नाही, नव्या गाडीचं सील पंधरा मिनिटांत बदलून माणूस बाजाराला जातो हे चांगलंच आहे. पण मुलाखती घेताना मिस्त्रीचं वय विचारा आणि तो कुणाच्या हाताखाली शिकला ते विचारा. उस्तादांची साखळी दोन पिढ्या मागे गेली की तुम्ही वाळूजच्या आधीच्या काळात पोचता.

साल विचारू नका. "कोणत्या साली?" याला उत्तर अंदाजाने मिळतं आणि आपण ते खरं मानून लिहितो. "७२ च्या दुष्काळाआधी की नंतर? जालना जिल्हा झाला तेव्हा दुकान होतं का? किल्लारीचा भूकंप (सप्टेंबर १९९३) झाला तेव्हा? विद्यापीठाच्या नामविस्ताराच्या वेळी (जानेवारी १९९४)?" असं विचारा. आणि मराठवाड्यातल्या गॅरेजात अर्धं बोलणं दखनीत होतं, तेव्हा मिस्त्री ज्या भाषेत सुरू करेल त्याच भाषेत चालू द्या. मराठीत लिहून घ्यायच्या घाईत त्याचे शब्द बदलले की शब्दांबरोबर माहितीही जाते. 'चाल', 'खेळ', 'झोल' हे तिन्ही शब्द पाइप-बुशमधल्या फटीसाठी ऐकू येतात, आणि प्रत्येक मिस्त्री त्यांत फरक करतो. कोणता फरक, ते त्यालाच विचारा.

जोडताना काय पुसलं जातं

आता दुरुस्तीकडे येऊ, कारण गाडीचा मालक तुमच्या प्रबंधासाठी थांबलेला नाही. चांगला रिस्टोअरर काय करतो? फोर्क उतरवतो, काळपट तेल ओतून देतो, सगळं डिझेलमध्ये धुतो, पाइप क्रोमला पाठवतो, नवे बुश बसवतो, सील नवं, स्प्रिंग आखूड झाली असेल तर नवी, दोन्ही पायांत मोजून सारखं तेल, बॉटमला बफिंग. गाडी खडखडाट न करता चालते, ब्रेकखाली डुलत नाही. काम उत्तम झालं. आणि तुमची अंडाकृती झीज ग्राइंडरने गेली, गंजाची कडी आम्लात गेली, एम-सीलने बुजवलेले खड्डे गेले, वॉशर कचऱ्यात गेले, लेथवरचा वाकड्या चराचा बुश भंगारात गेला.

जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फिव्हाने, ट्यूरिनची सनद म्हणून एक मसुदा केला आहे. त्यात वाहन जसंच्या तसं जपणं आणि पुनर्बांधणी करून नवं करणं यांत फरक केला आहे, आणि वापराच्या खुणांना किंमत दिली आहे. संग्रहालयातल्या गाडीला ते ठीक. पण रोज वापरायच्या गाडीचा झिजलेला फोर्क 'पुरावा आहे, तसाच ठेवा' असं सांगणं मला चुकीचं वाटतं. पुढचं चाक डगमगलं तर माणूस पडतो. पाइप बदलायलाच हवा. तुमचं काम बदलाच्या आधीचं आहे.

म्हणून मिस्त्रीशी आधी बोलून ठेवा: फोर्क उघडायच्या दिवशी बोलवा. जाताना मोजपट्टी, मायक्रोमीटर, कापडी टॅग, झाकणाच्या दोन छोट्या बाटल्या. पाइप उतरवण्याआधीच त्यावर मार्करने 'डावा', 'उजवा', 'पुढे' लिहून घ्या. एकदा पाइप जमिनीवर पडला की पुढची बाजू कोणती हे कुणीच सांगू शकत नाही, आणि मग तुमच्या मोजमापाला अर्थ उरत नाही. फोटोत शेजारी मोजपट्टी हवी. तेल ओतण्याआधी तळाचा गाळ एका बाटलीत घ्या. चमकदार पिवळसर कण असतील तर ते बुशाचे, काळे-राखाडी पोलादाचे, खाली बसलेली माती वेगळी कळते. मध्ये मध्ये करू नका. मिस्त्रीचा वेळ गेला तर त्याची मजुरी बुडते, तेव्हा तेवढी मजुरी द्यायची तयारी ठेवा. नाव छापायचं की नाही ते त्याला विचारा, आणि नको म्हणाला तर विषय तिथेच सोडा.

काढलेले भाग मागून घ्यायला हरकत नाही, पण ते मालकाचे आहेत हे विसरू नका. अनेक मालक देऊन टाकतात, काहींना पितळी बुशाचे भंगारात पैसे येतात ते हवे असतात. भंगारवाल्याकडे गेलेलं पोलाद या भागात बऱ्याचदा जालन्याकडेच वळतं. तिथल्या भट्ट्यांत भंगार वितळवून बांधकामाची सळई होते, आणि पाइप तिथे पोचला की शोध संपला. त्याआधी एक जागा मात्र असते. जुन्या मिस्त्रीच्या दुकानात, लाकडी फळीखाली, काढलेल्या भागांचा एक डबा असतो. डालड्याचा, ऑइलचा, कसलाही. त्यात वीस वर्षांचे बुश, पिना, वॉशर, अर्धे स्प्रिंग पडलेले असतात, 'कधीतरी कामाला येईल' म्हणून. परवानगी घेऊन तो डबा एका गोणपाटावर रिकामा करा आणि मिस्त्रीला शेजारी बसवा. एकेक भाग उचलून विचारा, हा कुठल्या गाडीचा, आणि उत्तर येईल तसं टॅगवर लिहीत जा.